जुन्या संगणकाचा पडदा न लुकलुकता कसा टिपावा?



आपल्या भागात अनेक घरांत, शाळांत आणि मंडळांच्या कपाटांत एखादा जुना संगणक झाकून ठेवलेला असतो. त्यावर कधीकाळी वर्गणीदारांच्या याद्या, लग्नपत्रिकांचे मजकूर, स्मरणिकांची पाने, कुणाची वंशावळ, कुणाचा भजनसंग्रह टाइप केलेला असतो. तो भंगारात देण्याआधी कुणीतरी म्हणते, ‘निदान मोबाईलवर व्हिडिओ तरी काढून ठेवू.’ व्हिडिओ काढला की पडद्यावरून काळा पट्टा वरखाली सरकताना दिसतो, अक्षरे थरथरतात आणि निम्मी ओळ वाचता येत नाही. डोळ्यांना मात्र तोच पडदा स्वच्छ दिसत असतो.

असे का होते आणि ते कसे टाळायचे, हे या लेखात सोप्या शब्दांत सांगितले आहे. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. पडद्याचा वेग ओळखायचा आणि कॅमेऱ्याचा वेग त्याच्याशी जुळवायचा, एवढेच मुख्य काम आहे.

एवढा खटाटोप कशासाठी?

निर्णा, हुमनाबाद, चिटगुप्पा, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातल्या मराठी घरांची कागदपत्रे काढून पाहिली तर एकाच पेटीत चार लिप्या सापडतात. पणजोबांचे हिशेब मोडीत, निजामी काळातले कागद उर्दूत, घरातली पत्रे देवनागरीत आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरचे सरकारी दाखले कन्नडमध्ये. त्या वर्षी बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके त्यावेळच्या मुंबई राज्यात गेले आणि आपण म्हैसूर राज्यात आलो. एकाच घराण्याचे कागद दोन राज्यांत वाटले गेले ते तेव्हापासून. आजही मोडी कागद वाचायचा झाला तर जाणकार शोधत हिंडावे लागते.

संगणकावरच्या जुन्या मराठीची अवस्था आता मोडीसारखीच होऊ लागली आहे. कारण समजून घ्यायला आपल्या गावाचेच नाव पुरेसे आहे.

आज मोबाईलवर आपण ‘निर्णा’ लिहितो तेव्हा प्रत्येक अक्षराला ठरलेला, जगभर एकच असलेला क्रमांक मिळतो. या पद्धतीला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, पण आपल्याकडच्या टायपिंग केंद्रांत आणि छापखान्यांत ती रुळायला पुढे बरीच वर्षे गेली. तोपर्यंत काम चालले ते श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींच्या फाँटवर. या फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजीच असे. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. वेलांटी एक तुकडा, काना दुसरा, रफार तिसरा. हे तुकडे उच्चाराच्या क्रमाने साठवले जात नसत. डोळ्यांना जसे दिसतात त्या क्रमाने साठवले जात.

‘निर्णा’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी ‘न’ च्या आधी दिसते आणि रफार ‘णा’ च्या डोक्यावर शेवटी बसतो. म्हणून जुन्या फाइलमधला हा शब्द घाईघाईने युनिकोडमध्ये बदलला की ‘िनणार्’ असा बाहेर पडतो. कुलकर्णींचे ‘कुलकणीर्’ होते, सूर्यवंशींचे ‘सूयर्वंशी’ आणि शिंद्यांचे ‘िशंदे’. फाँटच नसेल तर हाती नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला येतो. चांगले रूपांतरक आहेत, पण तेही जोडाक्षरांत आणि रफारात अधूनमधून अडखळतात. मूळ नाव काय होते, हे कुणाला विचारायचे?

ते अजून सांगू शकतो तो जुना संगणक आणि त्याचा पडदा. त्या पडद्यावर अक्षरे टाइप करणाऱ्याला दिसत होती तशीच्या तशी उमटतात. म्हणून त्याचे नीट काढलेले चित्रण हा त्या फाइलचा साक्षीदार ठरतो. पुढे कधीही रूपांतर केले तरी शब्द त्याच्याशी ताडून पाहता येतो.

सी-डॅकच्या जिस्ट कार्डाचे उदाहरण इथे द्यायला हवे. हे काम आयआयटी कानपूरला सुरू झाले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. हे कार्ड संगणकात बसवले की डॉसवर चालणाऱ्या डीबेस, वर्डस्टार अशा इंग्रजी प्रोग्रॅममध्येही देवनागरी, कन्नड, तेलुगू अक्षरे दिसू लागत. त्यामागची इस्की ही अक्षरपद्धती १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात, त्यामुळे रूपांतर तुलनेने सोपे असते. पण कार्ड बंद पडले की त्या संगणकावर ती अक्षरे दिसणेही थांबते. तुमच्याकडे असा संगणक चालू स्थितीत असेल तर त्याचे चित्रण सर्वात आधी करा.

पडदा लुकलुकतो का?

आपल्या भागाला पडद्याची ओळख तशी लवकर झाली. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवण्याचा जो ‘साइट’ प्रयोग झाला, त्यात कर्नाटकातले गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर हे जिल्हे होते. १९७७ मध्ये गुलबर्ग्याला दूरदर्शन केंद्र आले. त्या काळचे टीव्ही आणि पुढच्या काळातले जाड पाठीचे संगणक-पडदे यांची आतली रचना एकच, काचेची चित्रनळी.

या नळीच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो आणि काचेच्या आतल्या लेपावर आदळतो. जिथे आदळतो तिथला लेप क्षणभर उजळतो आणि लगेच मावळू लागतो. झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ काढतो, मग खालची, मग तिच्या खालची. तळाशी पोचला की पुन्हा वर.

अंगण सारवणाऱ्या बाईचा हात आठवा. हाताखालची जमीन ओली, आणि मागे सारवलेली एकेक पट्टी वाळत गेलेली. चित्रनळीतही कुठल्याही एका क्षणी पडद्याचा थोडाच भाग ताजा उजळलेला असतो, बाकीचा मावळत असतो. हे सारवण सेकंदाला ५०, ६० किंवा ७० वेळा होते, म्हणून डोळ्यांना सगळा पडदा एकसारखा उजळ वाटतो. सेकंदाला किती वेळा, हा आकडा म्हणजे पडद्याचा वेग. तो हर्ट्झमध्ये मोजतात.

कॅमेरा डोळ्यासारखा सलग पाहत नाही. तो सेकंदाला २५ किंवा ३० चित्रे काढतो आणि प्रत्येक चित्रासाठी ठरावीक वेळच झापड उघडतो. या वेळेला शटर म्हणतात. शटर १/१०० म्हणजे झापड सेकंदाचा शंभरावा भाग उघडे राहिले.

आता ५० हर्ट्झचा पडदा घ्या. त्याला एक पूर्ण सारवण करायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. शटर १/१०० असेल तर झापड मिटेपर्यंत अर्धाच पडदा रंगलेला असतो. उरलेला अर्धा चित्रात काळसर येतो. हाच तो काळा पट्टा. मोबाईल आपोआप शटर ठरवतो आणि पडदा उजळ दिसला की १/१०० किंवा त्याहून कमी वेळ निवडतो, म्हणून पट्टा हमखास येतो. पुढच्या चित्राच्या वेळी झोत निराळ्या जागी असला की पट्टाही सरकतो, आणि आपल्याला तो वर किंवा खाली वाहताना दिसतो.

उलटही घडते. शटर जास्त वेळ उघडे राहिले, पण पूर्ण पटीत राहिले नाही, तर पडद्याचा काही भाग दोनदा रंगतो. तिथे उजळ पट्टा दिसतो.

यावरून नियम सरळ निघतो. झापड उघडे राहण्याची वेळ ही पडद्याच्या एका पूर्ण सारवणाइतकी, किंवा दोन-तीन पूर्ण सारवणांइतकी हवी. मग पडद्याच्या प्रत्येक ओळीला सारखाच उजेड मिळतो आणि पट्टा नाहीसा होतो.

कोणत्या पडद्याला कोणता वेग?

आधी संगणक ओळखावा. मागची पडद्याची केबल काढून तिच्या पिना मोजल्या तरी बरेच कळते.

१. टीव्हीला जोडून चालणारे छोटे संगणक. १९८४-८५ पासून ‘क्लास’ योजनेत शाळांना मिळालेले बीबीसी मायक्रो, किंवा घरगुती स्पेक्ट्रम. आपल्याकडच्या टीव्हीप्रमाणे यांचा वेग ५० हर्ट्झ. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे, शटर १/५०. जुन्या टीव्हीचा पडदाही असाच टिपावा. टीव्ही एका फेरीत एकाआड एक ओळी काढतो, त्यामुळे सगळ्या ओळी एकत्र हव्या असतील तर शटर १/२५ ठेवावे.

२. हिरव्या, पिवळट किंवा पांढऱ्या अक्षरांचा एकरंगी पडदा, ९ पिनांची केबल. यात बहुधा मोनोक्रोम किंवा हर्क्युलिस कार्ड असते. वेग ५० हर्ट्झ. शटर १/५०, सेकंदाला २५ चित्रे. आयबीएमच्या मूळ हिरव्या पडद्याचा लेप सावकाश मावळतो, त्यामुळे त्याचे चित्रण सोपे जाते. मात्र वर सरकणारा मजकूर थोडी शेपटी सोडतो. तो दोष कॅमेऱ्याचा नव्हे.

३. रंगीत पडदा, ९ पिनांची केबल. सीजीए किंवा ईजीए. वेग ६० हर्ट्झ. सेकंदाला ३० चित्रे, शटर १/६०.

४. १५ पिनांची, तीन ओळींची केबल, म्हणजे व्हीजीए, आणि पडद्यावर डॉसचा काळा मजकूर-पट. १९८७ नंतरचे बहुतेक संगणक यात येतात. इथे वेग ७० हर्ट्झ असतो आणि खरी अडचण इथेच येते, कारण मोबाईलवर १/७० हे शटर सहसा मिळत नाही. यावरचे उपाय पुढे दिले आहेत.

५. तोच व्हीजीए पडदा, पण विंडोज ९५ किंवा ९८ चालू. वेग ६०, ७२, ७५ किंवा ८५ हर्ट्झ असू शकतो. अनेक संगणकांत डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन तो बदलता येतो. ६० ठेवून शटर १/६० घ्यावे. किंवा ७५ ठेवून शटर १/२५ घ्यावे, म्हणजे नेमकी तीन सारवणे होतात आणि चित्र अगदी स्थिर येते.

६. चपटा एलसीडी पडदा किंवा जुना लॅपटॉप. यात झोत नसतो, त्यामुळे वर सांगितलेला पट्टा येत नाही.

सहाव्या मुद्द्यातच चौथ्याची एक पळवाट आहे. व्हीजीए संगणकाला १५ पिनांचे तोंड असलेला एखादा एलसीडी मॉनिटर जोडून पाहावा. बहुतेक मॉनिटर ७० हर्ट्झचा डॉस पट दाखवतात आणि मग कुठल्याही कॅमेऱ्याने टिपता येते. मात्र ९ पिनांच्या पडद्यांच्या बाबतीत अशी अदलाबदल करू नये. जुना एकरंगी पडदा चुकीच्या कार्डाला जोडला तर तो कायमचा बिघडू शकतो. जी जोडी वर्षानुवर्षे एकत्र आहे, ती तशीच राहू द्यावी.

मोबाईलवर हे कसे करायचे?

आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ रेकॉर्डिंगखाली ‘पाल फॉरमॅट’ दाखवण्याचा पर्याय आहे. तो चालू केला की सेकंदाला २५ चित्रांचा पर्याय मिळतो. अनेक अँड्रॉइड फोनांत ‘प्रो व्हिडिओ’ असतो, तिथे शटर हाताने ठरवता येते. फोनच्या कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर शटर हाताने ठरवू देणारे वेगळे कॅमेरा ॲप घ्यावे. काही ॲप्समध्ये शटर अंशांत मोजतात. सेकंदाला २५ चित्रे असताना १८० अंश म्हणजे १/५० आणि ३६० अंश म्हणजे १/२५.

हा अंशांचा पर्याय ७० हर्ट्झच्या पडद्याला उपयोगी पडतो. सेकंदाला २५ चित्रे ठेवून २५७ अंश निवडले की शटर १/३५ होते, म्हणजे दोन पूर्ण सारवणे. लग्नाचे चित्रण करणाऱ्यांकडच्या काही मोठ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत ‘क्लिअर स्कॅन’ किंवा ‘सिंक्रो स्कॅन’ नावाची सोय असते. तीत शटर अगदी बारीक पायऱ्यांनी बदलता येते. पट्टा दिसेनासा होईपर्यंत आकडा फिरवत जायचे. गावातल्या व्हिडिओवाल्याला अर्ध्या दिवसासाठी बोलावले तरी काम होईल.

हेही जमत नसेल तर मजकुराची पाने व्हिडिओऐवजी साध्या छायाचित्रांत टिपावीत. मोबाईल स्टँडवर पक्का बसवायचा, आयएसओ कमीत कमी ठेवायचा आणि शटर अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात ७० हर्ट्झचा पडदा ३५ वेळा रंगतो. एखादे सारवण कमीजास्त झाले तरी फरक शेकडा तीनच्या आसपास राहतो, तो डोळ्यांना कळत नाही. वाचण्यासाठी याहून स्वच्छ प्रत मिळणार नाही. बटन दाबताना मोबाईल हलू नये म्हणून टायमर लावावा.

पडद्याचा वेग काहीच माहीत नसेल तर पट्ट्यालाच विचारावे. शटर १/५० वर ठेवून पडदा पाहावा. उजळ पट्टा दिसला तर पडद्याचा वेग ५० हून जास्त आहे, शटर १/६० कडे न्यावे. काळा पट्टा दिसला तर आपण पुढे गेलो, थोडे मागे यावे. पट्टा अरुंद होत होत जिथे केसासारखी रेघ उरते तो आकडा कागदावर लिहून संगणकाला चिकटवून ठेवावा. पुढच्याला उपयोगी पडेल. केसासारखी फिकट रेघ सावकाश सरकत राहिली तरी चालेल. कॅमेऱ्याचे घड्याळ आणि पडद्याचे घड्याळ यांत किंचित फरक असतोच. तिने वाचायला अडथळा होत नाही.

खोलीतला उजेड

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड तिच्यामुळे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/५० किंवा १/२५ असताना हे जाणवत नाही. पण ६० हर्ट्झच्या पडद्यासाठी १/६० लावले की पडदा स्थिर आणि भिंत लुकलुकती, असा प्रकार होतो. स्वस्तातले एलईडी दिवेही असाच त्रास देतात. म्हणून दिवे बंद करावेत आणि खिडकीतून येणाऱ्या दिवसाच्या उजेडावर काम करावे. संगणक खिडकीसमोर ठेवू नये, काचेत खिडकीच दिसते. खिडकी बाजूला असावी. कॅमेऱ्याच्या मागे काळी चादर किंवा घोंगडी टांगली की काचेतले आपले प्रतिबिंबही नाहीसे होते.

पडद्याची ब्राइटनेस थोडी उतरवावी. फार उजळ अक्षरे चित्रात फुटतात आणि रफार, अनुस्वार, नुक्ता असे बारीक तुकडे पसरून जातात. आपल्याला तर तेच नीट वाचायचे आहेत.

रंग, प्रकाश आणि फोकस कुलूपबंद करावेत. पडद्यावर बोट दाबून धरले की बहुतेक मोबाईलमध्ये फोकस आणि प्रकाश स्थिर होतात. तसे न केल्यास प्रत्येक पान बदलताना चित्र उजळते आणि मंदावते.

चित्रात पडद्यावर जाळीदार नक्षी उमटली तर पडद्याचे ठिपके आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांत गुंतले आहेत असे समजावे. मोबाईल थोडा मागे नेऊन झूम करावे, किंवा अंतर बोटभर बदलावे. नक्षी सहसा जाते.

चालू करण्याआधी

वर्षानुवर्षे बंद असलेला संगणक थेट बोर्डाला लावून चालू करू नये. आतली धूळ ब्लोअरने उडवून, उंदराने वायर कुरतडली आहे का ते पाहून, स्टॅबिलायझरवर लावावा. हे काम जाणकार तंत्रज्ञाकडून करून घेतलेले उत्तम. जळका वास, धूर किंवा तडतड आली तर लगेच बंद करावा. चित्रनळीचा पडदा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्यात हजारो व्होल्टचा दाब राहू शकतो, आणि तो जिवावर बेततो. घरातल्या मुलांना हे स्पष्ट सांगावे.

संगणक चालू झाला की तारीख चुकीची दाखवेल किंवा सेटिंग हरवल्याचा संदेश देईल. आतली छोटी बॅटरी संपलेली असते. त्याची काळजी नको. पण ‘फॉरमॅट’ किंवा ‘सेटअप’ असे काही विचारले तर होकार देऊ नये.

फ्लॉपी घालण्याआधी तिला लेखनबंदी करावी. मोठ्या सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच कागदी पट्टीने झाकायची. छोट्या साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडे करायचे. एकीला झाकायचे, दुसरीला उघडायचे, हे नीट लक्षात ठेवावे. ड्राइव्ह आधी बिनमहत्त्वाच्या फ्लॉपीवर तपासावा, मगच जपून ठेवलेली घालावी.

काय टिपावे आणि कसे?

जुना पडदा किती वेळ साथ देईल सांगता येत नाही. म्हणून सर्वात महत्त्वाचे सर्वात आधी. क्रम असा ठेवता येईल.

१. संगणक सुरू होण्यापासून मेनू येईपर्यंतचे सलग चित्रण.

२. फाइलींची पूर्ण यादी, नावे वाचता येतील अशी.

३. कौटुंबिक नोंदी, वंशावळ, सभासद यादी. प्रत्येक पान किमान पाच सेकंद स्थिर ठेवावे. पान उलटण्याची घाई करू नये.

४. फाँटचा तक्ता. कोणते बटन दाबल्यावर कोणते अक्षर येते, हे एकेक बटन दाबून दाखवावे. रूपांतर करणाऱ्याला ही किल्लीच मिळते. क्ष, ज्ञ, श्र, रफार, ऱ्य, ळ ही अक्षरे विसरू नयेत.

५. काम कसे चालायचे त्याचे चित्रण. कीबोर्डवर हात, पडद्यावर अक्षरे, शेजारी प्रिंटर चालू असेल तर तोही.

पाचव्या मुद्द्यासाठी ज्यांनी त्यावर काम केले त्यांनाच बसवावे. एखाद्या काकांनी किंवा मावशींनी दहा वर्षे त्या संगणकावर पत्रिका टाइप केल्या असतील तर त्यांना बोलते करावे. यादीत एकाच आडनावाची तीन घरे कशी ओळखायची, कंसातल्या खुणेचा अर्थ काय, कन्नड दाखल्यावरचे नाव आणि मराठी यादीतले नाव वेगळे का, हे त्यांच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. माईक त्यांच्याजवळ ठेवावा. टीव्हीच्या चित्रनळीचा बारीक ‘चीं’ आवाज, साधारण १५,६२५ हर्ट्झचा, वयस्कांना ऐकू येत नाही पण माईक तो पकडतो. लहान मुलांना तो लगेच ऐकू येतो आणि त्रास देतो. कॉलर माईक असेल तर उत्तम.

हे सगळे झाल्यावर फाइलींची प्रतही काढावी. चित्रण म्हणजे फाइल नव्हे. पण प्रत बिघडली, फाँट सापडला नाही, रूपांतरात नावे मोडली, तर चित्रण पाहून पुन्हा टाइप करता येते. दोन्ही असले की एकमेकांना आधार होतो.

टिपल्यानंतर

चित्रणाच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी असलेल्या नातेवाइकांकडे. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत जपणुकीची धरू नये. तिथे चित्रण दाबून लहान केले जाते आणि आपण एवढ्या कष्टाने टिपलेला रफार पुसट होतो. मूळ फाइल पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवरच द्यावी. फाइलच्या नावात गाव, वर्ष आणि विषय युनिकोड मराठीत लिहावा.

सभासद याद्यांत पत्ते, जन्मतारखा, वर्गणीच्या थकबाक्या असतात. अशी पाने समूहावर फिरवू नयेत. वंशावळीतील हयात व्यक्तींची माहिती त्या घराच्या संमतीनेच द्यावी.

रूपांतर झाल्यावर ताडणी घरातल्या तरुणांनी आणि थोरांनी मिळून करावी. आपली अनेक मुले शाळेत कन्नड शिकतात आणि मराठी घरी बोलतात. एकाने पडद्यावरचे वाचायचे, दुसऱ्याने नव्या फाइलमधले पाहायचे, या कामात त्यांचा देवनागरीचा सरावही होतो. सुरुवात रफाराच्या शब्दांपासून करावी. पूर्वजांची नावे, गावांची नावे, गोत्र, मग बाकीचे.

मोडी वाचणारे अनेक घरांत असतानाच कुणी ते कागद देवनागरीत उतरवून घेतले असते, तर आज जाणकार शोधत हिंडावे लागले नसते. जुन्या फाँटच्या बाबतीत तो वेळ अजून हातात आहे. यंत्रे अजून काही घरांत चालतात आणि ती चालवणारी माणसे आपल्यात आहेत. ज्यांच्याकडे असा संगणक किंवा फ्लॉप्या असतील त्यांनी त्या भंगारात देण्याआधी एक रविवार काढावा, आणि चित्रणात गावाचे नाव ‘निर्णा’ असे, रफारासकट, स्वच्छ वाचता येते ना, एवढे पाहून मगच यंत्र बंद करावे.